भट्टीला दिलेली मूठ

"आग आंगावर येवाच्या पहिले दम धरते."

नव्या माणसाला चैतराम हे पहिल्याच दिवशी ऐकवायचा आणि जुन्यांना रोज. चहाचा कप हातात असो की कोंड्याचं पोतं पाठीवर, हे वाक्य मधे यायचंच. एकदा आमचे मॅनेजर भोजराज वैतागून म्हणाले, "चैतराम, आग दम धरते हे कळलं. तू कवा धरशील?" तो शांतपणे म्हणाला, "मी धरूनच राहिलो साहेब, नव्व्याण्णवपासून."

नव्व्याण्णव साली तो आमच्या मिलमध्ये लागला. मुर्री गावाच्या पलीकडे, कालव्याला लागून ही मिल होती. मी तिच्या वजनकाट्यावर होतो. माझी खोली फाटकापाशी, आणि खोलीच्या मागच्या खिडकीतून बॉयलरची भट्टी सरळ दिसे. त्यामुळे चैतराम मरसकोल्हे या माणसाला मी बारा वर्षं रोज पाहिलं.

तो दरेकशाचा. गाडीनं डोंगरातून, बोगद्यातून यायचा आणि पाळी संपली की गाडीनंच परतायचा. बाप जंगलखात्याच्या कामावर होता. जंगलाला लागलेला वणवा विझवायला बापाबरोबर तो लहानपणीच गेलेला. आग कुठल्या अंगानं वळेल हे तिच्या आवाजावरून ओळखायचं, हे शिक्षण तिथलं. पुढे दोन हजार तीन साली त्यानं बॉयलर चालवण्याची परीक्षा दिली, पास झाला, आणि प्रमाणपत्राला काच लावून ते भट्टीच्या भिंतीवर टांगलं. काच दर आठवड्याला काळी पडे, तो दर आठवड्याला पुसे.

आमची मिल धान उकडून उसना तांदूळ करणारी. धान उकडायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला आग लागते, आणि आगीला धानाचाच कोंडा. धान आपल्याच सालीवर शिजतं. तो कोंडा वरच्या नळातून भट्टीत पडत राहतो आणि पडता पडता पेटतो. भट्टीला दोन दारं. वर, छातीच्या उंचीवर एक लहान लोखंडी खिडकी, आग पाहायला. खाली राख ओढायचं दार. वर चैतराम असे आणि खाली लांब आकडा घेऊन यादोराव टेंभरे, मुर्रीचाच. चैतराम गोंड, यादोराव पोवार. आठ वर्षं दोघांनी एकाच डब्यातून भाजी खाल्ली. यादोराव म्हणे, "तुह्या घरची भाजी खाऊन माह्या तोंडाले जंगलाचा वास येते." चैतराम म्हणे, "मंग उद्या डबा नको उघडू." दुसऱ्या दिवशी यादोरावच आधी डबा उघडी.

पाळी दोनदा सुरू होई, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला; रात्री भट्टी कोंड्याच्या ढिगाखाली नुसती धुमसत ठेवत. पाळी सुरू करताना चैतराम वरची खिडकी उघडून मूठभर धान आगीत टाकायचा. गोंडांकडे नवं धान देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. मिलमध्ये तर रोजच नवं धान यायचं. तेव्हा भट्टीला आधी, मग बाकीच्यांना. त्यात कामाचंही एक होतं. धान टाकलं की त्याच्या लाह्या फुटायच्या. चैतराम मनात मोजे. तीन म्हणायच्या आत फुटल्या तर आग ठीक, पाचपर्यंत गेल्या तर मंद. बघता बघता दुसऱ्या पाळीवाल्यांनीही मूठ द्यायला सुरुवात केली. मालक कधी आले तर तेही हात जोडून उभे राहत. त्या मुठीकडे कोणी काम म्हणून पाहत नसे. चप्पल काढून देवळात जावं, तसं ते होतं.

दोन हजार सात साली, होळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी दोनची पाळी लागली आणि भट्टीनं भडका फेकला. मी खोलीत होतो. पोतं जमिनीवर आपटावं तसा आवाज आला, मग यादोरावची हाक. मी धावलो. राखेचं दार उघडं होतं आणि दारातून जीभ बाहेर आल्यासारखी आग येऊन परत गेली होती. यादोरावचा उजवा हात कोपरापर्यंत आणि चेहऱ्याची उजवी बाजू भाजली होती. चैतरामनं त्याला हौदावर नेलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहिला.

चौकशी झाली. चैतरामनं सांगितलं, "आगीनं दम धरला, मी आयकला. 'हट' म्हणून ओरडलो. थ्याच्या आतच भडका आला. यादोरावची चूक नाही." चौकशी करणाऱ्यांनी विचारलं, दम म्हणजे काय. त्यानं सांगितलं, भट्टीचा आवाज सतत घुमत असतो, मधेच तो पातळ होतो, कोणी श्वास आत घेतल्यावाणी. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. कागदावर आलं ते असं : राख ओढणाऱ्या कामगारानं न विचारता दार उघडल्यामुळे अपघात झाला. यादोरावनं त्यावर डाव्या हाताचा अंगठा दिला. त्याला सही येत होती, पण उजव्या हातानं.

हात बरा झाला, बोटं मात्र एकमेकांना चिकटली. यादोराव घरी बसला. त्याची बायको राजकुमारी दोन म्हशी पाळून दूध घालू लागली. जो येईल त्याला यादोराव सांगे, "माह्याच चुकीनं झालं. मीच दार उघडलं." लोकही मान हलवत. एक चैतराम तेवढा दर आठवड्याला गाडीच्या आधी मुर्रीत जाई, उन्हाळ्यात टेंभराची फळं, पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन, आणि दर वेळी तेच म्हणे, "तुही चूक नाही. मी आयकला होता दम." पण त्याच्या ऐकण्याला पुरावा नव्हता. यादोराव म्हणे, "तू मित्र आहेस म्हणून म्हणतेस." चार वर्षं हे चाललं. चैतरामच्या जिवाला ती एकच गोष्ट लागून राहिली, की कागदावरचं यादोरावचं नाव निघावं.

दोन हजार अकराच्या थंडीत योगेश्वरी बिसेन आली. आमगावच्या मास्तरांची मुलगी. दूरच्या मोठ्या कॉलेजात आगीवर अभ्यास करत होती. मालकांची परवानगी घेऊन एका जीपमधून पेट्या, वायरी आणि दोन सिलिंडर घेऊन ती उतरली. भट्टीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना तिनं भोकं पाडून घेतली, नळ बसवले, नळांना काच. एका बाजूनं लेझरचा उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो झेलायचा.

चैतरामनं एका नळात डोकावून पाहिलं. "दिसत तं काही नाही."

"डोळा लावू नका काका. डोळा जाईल. हा उजेड दिसत नाही."

"दिसत नाही थो कायचा उजेड? म्हणजे मालकासारखा. दिसत नाही, पण हजेरी घेते."

ती हसली. मग खाली बसून तिनं त्याला समजावलं. भट्टीतल्या प्रत्येक वायूला उजेडातला आपला आपला रंग आवडतो. वाफेला एक, कच्च्या धुराला दुसरा. अर्धवट जळलेल्या वायूला आमच्या भट्टीवर कच्चा धूर म्हणत. तो शब्द तिनं चैतरामकडूनच उचलला. इकडून तेवढाच रंग सोडायचा आणि तिकडे किती पोचला ते मोजायचं. जेवढा कमी पोचला तेवढा वाटेत वायूनं खाल्ला. म्हणजे तेवढा तो वायू भट्टीत आहे. वाफ तापली की तिची खाण्याची सवयही बदलते. दोन रंग सोडून कोणता जास्त खाल्ला हे पाहिलं, की आग किती तापली तेही कळतं.

"हे किती वेळा मोजते?"

"एका सेकंदात दहा हजार वेळा."

"एवढं कायले?"

"आग तेवढी चंचल आहे काका. थर्मामीटर तापेपर्यंत ती दहा वेळा बदललेली असते."

"मंग मले सांग बाई, आगीनं दम धरला तं हे आयकल काय?"

तिला काही कळलं नाही. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. भट्टीचा पातळ होणारा आवाज, यादोराव, चौकशी, अंगठा. ती ऐकत राहिली. आजवर त्याचं एवढं ऐकून घेणारं शिकलेलं माणूस त्याला भेटलं नव्हतं. शेवटी तिनं पेटीतून दारावरच्या घंटीचं बटण काढलं, वायरीनं यंत्राला जोडलं आणि त्याच्या हातात दिलं. "दम ऐकू आला की दाबा. यंत्रात खूण उमटेल. मग आपण जुळवून पाहू."

पहिले चार दिवस काचांनीच खाल्ले. कोंड्याची राख साधी नसते, तिच्यात काचेचा अंश असतो. ती तापून नळाच्या काचेला चिकटे आणि उजेड अडे. योगेश्वरी सिलिंडरमधला वायू नळातून फुंकून राख दूर ठेवायचा प्रयत्न करी, पण पुरेना. चैतराम म्हणाला, "नळ सरळ कायले लावला? राख तं बसणारच. बाहेरून थोडा वर उचल, मंग घसरून आगीतच पडल." भिंत पुन्हा फोडली, उजेड सरळ जाईल एवढे रुंद नळ तिरके बसवले. उजेड पोचू लागला.

मग सात दिवस चैतराम ते बटण गळ्यात ताईत घालावा तसं घालून फिरला. तेवीस वेळा दाबलं. आठव्या दिवशी माझ्या खोलीत, माझ्याच टेबलावर, योगेश्वरीनं लांब कागद पसरले. कागदावर दोन रेघा, एक तापमानाची, एक कच्च्या धुराची. जिथं चैतरामची खूण होती तिथं तापमानाची रेघ खाली बसलेली आणि धुराची वर चढलेली, आणि लगेच पुढे भडक्याचं टोक. तेवीसपैकी एकोणीस वेळा.

"अन् चार वेळा?" चैतरामनं विचारलं.

"त्या चार वेळा काहीच नाही."

"तं रेल्वेनं दम धरला असंल. मालगाडी जावाची वेळ होती."

थट्टा करता करता त्यानं त्या एकोणीस खुणा पुन्हा मोजल्या. तिनं बोटानं दाखवलं, की दम धरल्यापासून भडका उडेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही. खूण करायला त्याचं बोट हलेस्तोवर निम्मा वेळ संपलेला असे. "म्हणजे काका, तुम्ही त्या दिवशी 'हट' म्हणालात ते खरं. पण कोणीच हटू शकलं नसतं."

"हे लिहून दे," तो म्हणाला. "यादोरावले दाखवतो."

"देते. पण एक विचारू? छोटे भडके केव्हाही येतात. मोठे मात्र रोज दोनच वेळा आहेत. सहाच्या सुमाराला आणि दोनच्या सुमाराला. तेव्हा काय करता तुम्ही?"

"पाळी बदलते."

"पाळी बदलताना काय करता?"

"काहीच नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मीही तिथंच बसलो होतो आणि मलाही काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती यंत्रापाशी उभी राहिली. खालचं दार तिनं बंद ठेवायला लावलं होतं. पाळी बदलली. जाणाऱ्या पाळीवाल्यांनी जाता जाता कोंडा जास्त सोडला होता, तसा ते रोजच सोडत, म्हणजे येणाऱ्याला दोन मिनिटं सवड. चैतराम आला, हात धुतले, मूठभर धान घेतलं, खिडकी उघडली, टाकलं. भट्टी धडाडली. त्यानं खिडकी लावली.

योगेश्वरी म्हणाली, "हे काय होतं?"

"मूठ. भट्टीची."

"हे रोज करता?"

"रोज."

"कधीपासून?"

मी माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहत होतो. चैतरामचा हात अजून कडीवर होता.

पुढचे दिवस तिनं रीत बदलून पाहिली. धान न टाकता नुसती खिडकी उघडली, तरी भडका आला. खिडकी न उघडता धान बाहेरच कट्ट्यावर ठेवलं, तर भट्टी नुसती घुमत राहिली. आणखी दोनदा तेच केलं, आणि दोन्ही वेळा तेच झालं. धानाचा काही दोष नव्हता. ढिगानं पडलेल्या कोंड्यातून कच्चा धूर साचायचा, खिडकीतून थंड वारा एकदम आत शिरायचा, आग क्षणभर बसायची, आणि साचलेला धूर एकदम पेटायचा. एरवी खालचं दार बंद, म्हणून तो भडका भट्टीतच जिरे. होळीच्या आधीच्या त्या दुपारी खालचं दार उघडं होतं.

त्या दुपारचं हे तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी खिडकी उघडी होती हे तिला कुठं ठाऊक होतं? तिनं फक्त रेघा दाखवल्या. बाकीचं चैतरामनं आपणच जोडलं. कागद टेबलावर ठेवून तो पोत्यांच्या थप्पीवर बसला.

"थ्या दिवशीही मी मूठ देल्ली होती," तो म्हणाला.

योगेश्वरीला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती त्याच्याजवळ गेली. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. माझ्या कागदात कोणाचंच नाव येणार नाही. 'खिडकी उघडल्यामुळे' एवढंच येईल."

"तुह्या कागदात नाही. त्यांच्या कागदात यादोरावचं आहे."

त्याच दुपारी त्यानं मला अर्ज लिहायला सांगितला. मी लिहायला बसलो आणि शब्द सजवू लागलो, तर तो म्हणाला, "फुलं नको लावू. जे झालं थे लिही." म्हणून मी लिहिलं : अपघाताच्या वेळी वरची खिडकी मी उघडली होती. भडका त्यामुळे झाला. हे मी चौकशीत सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. यादोराव टेंभरे यांनी दार कामाप्रमाणे उघडलं होतं. यंत्राचे कागद सोबत आहेत. खाली त्यानं सही केली, हळूहळू, पूर्ण नावाची.

भोजराजनी अर्ज दोनदा वाचला. "अरे बाबा, चार साल पुरानी फाईल कोण काढते? यंत्र लागलं, खिडकी बंद झाली, बात खतम. तुलेच का हौस आली?"

"खतम कशी? यादोरावचं नाव आहे त्याच्यात."

"अन् तुझं प्रमाणपत्र? गेलं तर? दरेकशाले जाऊन तेंदूपत्ता तोडशील?"

"तोडला आहे पहिले."

भोजराजनी शिक्का मारला, एक प्रत ठेवली, दुसरी त्याला दिली. वर तक्रारवजा म्हणाले, "जंगली माणूस." त्यात राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं.

चैतराम मला म्हणाला, "चाल माह्यासोबत. मी सांगीन, पण वाचून तू दाखव. माह्या तोंडून आयकलं तं थो म्हणल का मित्र आहे म्हणून बोलून राहिला."

मुर्रीत यादोराव अंगणात बाजेवर बसला होता. राजकुमारी म्हशींना चारा टाकत होती. चैतराम बाजेवर बसला नाही, जमिनीवर बसला. यादोरावला ते खटकलं. "खाली कायले बसलास? कोणी मेलं का?"

चैतरामनं सांगितलं. आधी मूठ, मग खिडकी, मग वारा, मग भडका. मधे एकदाही थांबला नाही. मग मी अर्ज वाचला.

यादोराव आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. राजकुमारीच हातातला पेंढा टाकून पुढे आली. "चार वर्षं ह्या घरचा चा पेत होते तुम्ही. अन् आता सांगाले आले?"

"आताच समजलं, वहिनी."

"समजलं तं कायले सांगितलं? थ्याचं नाव कागदावर असो का तुमचं, म्हशी तं मलेच दोहाव्या लागते."

यादोरावनं तिला डाव्या हातानं थांबवलं आणि चैतरामकडे वळला.

"म्हणजे तू चार वर्षं म्हणत होतास, तुही चूक नाही, तुही चूक नाही. थे खरं होतं."

"होय."

"तुलेच मालूम नव्हतं का खरं आहे."

"नव्हतं."

"अन् मी सगळ्या गावाले सांगत फिरलो का मी येडा आहो." यादोरावच्या तोंडाची चांगली बाजू हलली. हसला की काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. "आठ वर्षं एका डब्यात खाल्लं रे आपण. अन् मूठ देताना एक बार म्हणाला असतास, यादोराव, हट जरा."

"म्हणालो असतो. मालूम असतं तं."

म्हैस पाणी प्यायली. मग यादोराव म्हणाला, "जाय आता. गाडी चुकंल."

"पुढच्या हप्त्यात येऊ का?"

"थे मी आज नाही सांगत."

चैतराम उठला. त्यानं हात जोडले, यादोरावला आणि राजकुमारीलाही. अर्जाची शिक्का मारलेली प्रत बाजेवर ठेवली आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा लोटा ठेवला. मी उठू लागलो, तर यादोरावनं माझा सदरा धरला. "तू बस. पुन्हा वाच. सावकाश."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. पण यादोरावचं लक्ष कागदाकडे नव्हतं. चैतराम कालव्याच्या बांधावरून स्टेशनच्या दिशेनं चालला होता, आपल्या नेहमीच्या चालीनं, घाई न करता. राजकुमारी कुंपणाशी जाऊन उभी राहिली, पदरानं हात पुसत. मी वाचत राहिलो, आणि ती दोघं तो बाभळींच्या आड जाईपर्यंत पाहत राहिली.